फक्कीच्या भिंती

माझे सासरे नसलेल्या दारावर टकटक करायचे.

मी हॉलच्या एका कोपऱ्यात चिमीला वरणभात भरवत बसलेली असायची. ते समोरून यायचे, एका ठरावीक जागी थांबायचे, हवेत बोटं वाकवून हलवायचे आणि तोंडानंच टक टक असा आवाज काढून विचारायचे, "येऊ काय, बाई?" त्यांच्या पायांपुढे फरशीवर पांढरी रेघ असायची. खेळाचं मैदान आखताना चुन्याची जी भुकटी सोडतात, त्या फक्कीची. रेघ म्हणजे भिंत. रेघ जिथं तुटली होती, ते दार. मी "या" म्हटल्याशिवाय ते आत येत नसत. मला पाणी हवं असलं, तर समोरच दिसणाऱ्या माठाकडे सरळ जायची सोय नव्हती. त्या तुटलेल्या जागेतून बाहेर पडून, वळसा घालून जावं लागे. कंटाळून कधी रेघ ओलांडली, तर ते ओरडायचे, "आत्ता डोकं फुटलं असतं ना!"

चिमी, माझी मुलगी, तेव्हा दीड वर्षाची होती. तिला भिंतीतून जाता येत होतं. ती रेघेवर बसकण मारून बोटानं चुना उकरायची आणि बोट तोंडात घालायची. मग मीही भिंतीतून धावायची, आणि दोघींना बोलणी बसायची.

हे सगळं सासूबाईंसाठी चाललं होतं. त्या वर्षीच्या दिवाळीनंतर त्यांना अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात आणि उजवा पाय गेला, बोलणंही बरंचसं गेलं. दवाखान्यातून त्यांना परस्पर वर्ध्याला, माझ्या नणंदेकडे नेलं, कारण आमच्या घरात त्यांना ठेवायला जागाच नव्हती. सासू-सासऱ्यांची खोली वर होती, जिना अरुंद, आणि संडास मागच्या अंगणात. खाली हॉल दुभागून एक खोली काढायची, तिला लागून संडास-बाथरूम बांधायचं, व्हीलचेअर जाईल एवढं दार ठेवायचं आणि मग त्यांना घरी आणायचं, असं ठरलं. माझे यजमान पांढरकवड्याला बँकेत. सकाळी निघत ते दिवेलागणीला परतत. मी शाळेत मराठी शिकवते. त्यामुळे सकाळची शाळा सोडली तर बाकी वेळ घरात आम्ही तिघंच असायचो. मी, चिमी आणि सासरे. शिवाय मिस्त्री आणि त्याची माणसं.

दर रविवारी सासरे एसटीनं वर्ध्याला जायचे. सासूबाईंच्या डाव्या अंगाला स्टुलावर बसून त्यांना पातळ खिचडी भरवायचे. त्या काळात सासूबाईंना जे थोडे शब्द नीट म्हणता यायचे, त्यातला एक होता "घरी". तो त्या प्रश्नासारखा म्हणायच्या. सासरे म्हणायचे, "छपाई राह्यली." छपाई म्हणजे भिंतीचं प्लास्टर. पुढच्या रविवारी पुन्हा "घरी?", आणि ते म्हणायचे, "चौखट यायची आहे." संध्याकाळी नणंदेचा मला फोन यायचा. "वहिनी, बाबा आईले कोर्टावानी तारखा देऊन राह्यले. थे दिवसभर दाराकडे तोंड करून असते. लवकर करा बाप्पा काहीतरी."

लवकर होत नव्हतं, कारण फक्की पुन्हा पुन्हा पुसली जात होती.

सासरे पाटबंधारे खात्यात ओव्हरसियर होते. कागदावर त्यांचा विश्वास नव्हता. "कागदावरची भिंत कोणालेच लागत नाही, बाई. सायबालेबी नाही," असं ते म्हणायचे. केळापूरकडच्या एका खेड्यात शाळेला एक खोली वाढवायची होती. काम त्यांच्या खात्याचं नव्हतंच, गावकऱ्यांनी ओळखीनं सल्ला विचारला होता. यांनी उघड्या जागेवर फक्कीनं खोली आखून दिली आणि गुरुजींना सांगितलं, आठवडाभर वर्ग यातच भरवा. मुलं दारातूनच आत येत, उशीर झालेली पोरं दाराबाहेर उभी राहत आणि गुरुजी आतून त्यांच्यावर ओरडत. भिंत एकही नव्हती. ही गोष्ट किती खरी आणि किती त्यांनी वाढवलेली, ते मला माहीत नाही. पण खिडकीची बाजू त्यांनी नंतर बदलली, सकाळचं ऊन पोरांच्या डोळ्यांवर येत होतं म्हणून, एवढं मात्र ते दरवेळी तेच सांगायचे.

कुणाच्याही घरी गेलं की आधी भिंतीवर बोटाच्या पेरानं ठोकून ऐकायची त्यांना सवय होती. लग्नात मंगल कार्यालयाचे खांब ठोकायचे. दुःखाला भेटायला गेले तरी ठोकायचे, जरा हळू. मला पाहायला आमच्या कळंबच्या घरी आले, तेव्हा चहा यायच्या आधी उठून त्यांनी बैठकीची भिंत ठोकली आणि माझ्या वडिलांना म्हणाले, "रेती चांगली वापरली तुम्ही." माझी आई अजून सांगते, की पसंती त्याच वेळी झाली, पोरीकडे त्यांनी पाहिलंच नव्हतं.

अशा माणसाला आयुष्याच्या शेवटी स्वतःच्या बायकोसाठी एक खोली बांधायची होती. ती ते सहजासहजी बांधतील, असं आम्हाला वाटलं हीच चूक होती.

पहिली फक्की टाकली आणि आम्ही तिच्यात राहू लागलो. मग त्यांच्या लक्षात आलं, की इथून सासूबाईंना स्वयंपाकघर दिसणार नाही. रेघ पुसली. दुसऱ्या रेघेत स्वयंपाकघर दिसत होतं, पण समोरचं फाटक दिसत नव्हतं. कोण आलं, कोण गेलं, हे कळल्याशिवाय तिला जेवण जात नाही, असं त्यांचं म्हणणं. ते खरंही होतं. मिस्त्री लोहाऱ्याचा, तोंडाळ माणूस. तो दारात विडी विझवून म्हणायचा, "सायेब, आज तरी भिंत जागेवर आहे का फिराले गेली?"

माझे यजमान एका संध्याकाळी चिडले. शांत माणूस, पण थकला होता. "बाबा, आई तिकडे वाट पाहून राह्यली, आन् तुम्ही इथं फक्की-फक्की खेळून राह्यले."

"एकदा भिंत उभी राह्यली का तिले सरक म्हणता येते काय?" सासरे म्हणाले. "मंग तुह्या मायले सरकावं लागते. थे कशी सरकन?"

यजमान अंगणात जाऊन उभे राहिले.

त्या महिन्यांतलं माझं आयुष्य आठवायचं म्हटलं तर पहिल्यांदा जिभेवर धूळ येते. दुधावर धूळ, पोळीच्या पिठात धूळ, उत्तरपत्रिकांवर धूळ. स्वयंपाकघराची एक भिंत फोडलेली, म्हणून गॅस मागच्या ओसरीत, फ्रिज हॉलमध्ये, आणि मिठाचा डबा कुठे आहे ते कुणालाच माहीत नाही. मी एका हातानं फोडणी द्यायची आणि दुसऱ्या हातानं चिमीचा फ्रॉक धरून ठेवायची. सोडली की ती रेतीच्या ढिगाकडे. रेती ती खायची. गिट्टी खायची नाही, पण तोंडात ठेवून पाहायची. मिस्त्रीला तिनं 'ठक्क' असं नाव दिलं होतं. सकाळी तो आला की ती आनंदानं "ठक्क! ठक्क!" करत धावायची. माझ्याकडे इतक्या आनंदानं ती तेव्हा आल्याचं आठवत नाही. टाइल्स कापायचं यंत्र सुरू झालं की तिला झोप लागायची. यंत्र बंद झालं, शांतता झाली, की दचकून रडत उठायची. मी मिस्त्रीला विनवायची, "भाऊ, अजून थोडं कापा." तो म्हणायचा, "मॅडम, कापाले टाइल्स तर पाह्यजे!"

मी पूर्वी रात्री वाचत असे. त्या काळात पुस्तक उशाशी असायचं, त्याच्या पुठ्ठ्यावर बोट फिरवलं की रेघ उमटायची. त्यापुढे माझं वाचन गेलं नाही.

आणि पाणी. आमच्याकडे नळ किती दिवसांआड येतो, हे यवतमाळच्या माणसाला सांगायला नको. नव्या भिंतीला तराई लागते, म्हणजे दिवसातून कितीदा तरी पाणी मारून ती ओली ठेवावी लागते, नाहीतर सिमेंट भुगा होतं. चिमीची लंगोटं धुवायला पाणी लागतं. दोन्हींना पुरेल एवढं पाणी टाकीत नव्हतं. सासऱ्यांनी यावर जो मार्ग काढला, तो त्यांनाच सुचू शकतो. त्यांनी चिमीची अंघोळ नव्या भिंतीपाशी करायला घेतली. तिला भिंतीला टेकून उभी करायची, एक तांब्या तिच्यावर, एक तांब्या भिंतीवर. साबण लागायच्या आधीचं तिच्या अंगावरचं पाणीही ते हातानं भिंतीकडे उडवायचे. दोघांची तराई एकदम चालायची. ती खिदळायची. मी तिचे केस विंचरायला बसले की फणीत सिमेंटचे बारीक खडे यायचे.

"बाबा, पोरगी आहे ती, भिंत नाही."

"पोरगीबी वाढून राह्यली ना? तिलेबी तराई लागते."

माझं हसू आवरायचं नाही आणि राग जायचा नाही. रागावले की ते मला 'बाई' सोडून 'मॅडम' म्हणायचे. मॅडम म्हणाले की मी समजायची, आज दोघांचं जेवण न बोलता होणार.

आमचं खरं भांडण झालं ते बटणांवरून.

एक दिवस मी शाळेतून आले तर ते नव्या खोलीत जमिनीवर उताणे पडलेले. मी दप्तर टाकून धावले. मग दिसलं, की डोक्याखाली सिमेंटचं रिकामं पोतं घडी करून घेतलंय, आणि बाजूला वायरमन पेन्सिल घेऊन बसलाय. चिमी त्यांच्या पोटावर बसून गुंड्या ओढत होती. खाट पूर्वेच्या भिंतीला लागून येणार होती. ते त्याच जागेवर, डोकं दक्षिणेला आणि पाय उत्तरेला करून झोपले होते. हात अंगाला लागून सैल सोडायचा, तो जिथं भिंतीला टेकेल तिथं दिव्याचं, पंख्याचं आणि घंटीचं बटण यायला हवं, म्हणजे सासूबाईंना हात उचलावासुद्धा लागू नये, अशी त्यांची योजना.

"इथं," ते म्हणाले. हात भिंतीला टेकला होता. "खाटेची उंची धरून वर घे, आन् कर खूण."

वायरमननं खूण केली. मी ती खूण पाहिली, आणि मग चिमीकडे पाहिलं. ती उभी राहिली, तर बोर्ड तिच्या छातीला येत होता.

"बाबा, इथं बोर्ड नको. तिचा हात पोचतो."

"पोचू दे. तिच्या आजीचा पोचला पाह्यजे."

"ती बोटं घालेल. चमचा घालेल. मी शाळेत असते."

"मी राह्यतो ना."

"तुम्हाला बसल्या बसल्या झोप लागते."

ते उठून बसले. चिमी घरंगळून त्यांच्या मांडीवर आली. "मॅडम," ते म्हणाले, "हे लेकरू दोन वर्षांत मोठं होईन. त्याचा हात पंख्याले लागन. थे तिकडे पडली आहे, थे आता मोठी होणार आहे काय?"

मी म्हणाले, "माझ्या लेकराला काही झालं तर ते मोठं व्हायचं राहील."

असं बोलायला नको होतं, पण बोलून गेले. वायरमन पेन्सिलीचं टोक पाहत राहिला. आमच्या घरात तेव्हा एक नुकतं चालायला शिकलेलं आणि एक चालणं विसरलेलं, अशा दोघांसाठी एकच घर बांधलं जात होतं. जे एकाला सोयीचं, ते दुसऱ्याला धोक्याचं. पायऱ्या काढून उतार केला, तर चिमी त्यावरून थेट रस्त्यावर. दाराला आतून कडी नको, तर चिमी केव्हाही आत. रोज काही ना काही असं निघायचं, आणि रोज आम्ही दोघं समोरासमोर उभे असायचो.

संध्याकाळी तेच टक टक करत आले. आता दार खरं होतं, तरी तोंडानंच आवाज काढला. "बाई, तिथं नुसते बटणं ठेवू. पिनी घालायचे सॉकेट सगळे वर, तुह्या डोक्याइतके उंच. बटण दाबलं तर काय होते? दिवा लागते. लागू दे."

तसंच झालं. बोर्ड बसला त्या दिवसापासून चिमी दिवा लावायची आणि मालवायची. पंखा लावायची आणि मालवायची. सासरे स्टुलावर बसून म्हणायचे, "चालू द्या. चांगलं चालते का नाही, पाहून ठेवा."

उन्हाळा तोंडावर आला तेव्हा खोली राहण्याजोगी झाली. रंग राहिला होता, दाराला पॉलिश राहिलं होतं. पण सासऱ्यांनी स्वतःच वर्ध्याला निरोप दिला. त्या रविवारी "घरी?" म्हटल्यावर ते म्हणाले, "हो. चाल." नणंदेनं सांगितलं, की आई रडली, आणि मग बाबाच जास्त रडले.

गाडी फाटकात आली, तेव्हा ते इस्त्रीचा सदरा घालून उताराच्या टोकाला उभे होते. "थांबा. कोणी घाई करू नका. चाक चौखटीले लागते का पाहा." चाक लागलं नाही. दोन्ही बाजूंनी बोटं जातील एवढी जागा राहिली. त्यांनी मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्रीही मुद्दाम आला होता. सासूबाईंनी खोली पाहिली, खिडकीतून फाटक पाहिलं, स्वयंपाकघरात माझा उकळता चहा पाहिला, आणि डाव्या हातानं पदर सारखा केला. दवाखान्यानंतर पदर सारखा करताना मी त्यांना पहिल्यांदा पाहत होते.

आम्ही त्यांना खाटेवर घेतलं. डोकं दक्षिणेकडे, पाय उत्तरेकडे, घरात सगळे झोपतात तसं. सासरे पायथ्याशी उभे राहिले.

"आता लाव," ते म्हणाले. "तूच लाव दिवा."

सासूबाईंनी भिंतीकडे मान वळवली. बटणं तिथंच होती, त्यांच्या तळव्याला जवळजवळ टेकलेली. हात हलला नाही. तो उजवा हात होता. भिंत उजवीकडे होती. त्यांनी डावा हात उचलला, छातीवरून पलीकडे नेला. तो निम्म्या वाटेत थांबला. त्यांनी पुन्हा नेला. मग आम्हाला कुणाला वाईट वाटू नये म्हणून की काय, त्या हातानं त्या उजव्या हाताची बोटं चोळत राहिल्या, जणू त्यासाठीच तो तिकडे नेला होता.

महिनोन्‌महिने आम्ही सगळे त्या खोलीत वावरत होतो, आणि एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. चिमी खाटेखालून वाकून आली, तिनं बटण दाबलं. दिवा लागला. ती टाळ्या वाजवायला लागली.

सासरे बाहेर गेले आणि उरलेल्या रेतीच्या ढिगावर बसले. इस्त्रीच्या सदऱ्यासकट. मी चहा घेऊन गेले तर म्हणाले, "मी झोपलो होतो ना, बाई. मी. थे थोडीच झोपली होती तिथं." चहा गार झाला. "दर रविवारी मी तिच्या डाव्या हाताकडून बसो. घास घालो. मले मालूम नव्हतं काय?"

संडासातला धरायचा दांडाही उजवीकडेच लागला होता, तो मिस्त्रीनं दुसऱ्याच दिवशी डावीकडे बसवून दिला. बोर्डाचं तसं नव्हतं. खाटेच्या दुसऱ्या बाजूला हाताच्या अंतरावर भिंतच नव्हती, तिथून चाकाची खुर्ची जाणार होती. बाकी दोन भिंतींत एक खिडकीची, एक संडासाच्या दाराची. मिस्त्री म्हणाला, "सायेब, तोडू काय? पुन्हा फक्की टाका, पुन्हा बांधतो. मले काय."

सासऱ्यांनी फक्की टाकली नाही. ते भिंती ठोकेनासे झाले. टेकायचे तेही जपून, भिंत परक्याची असावी तसे. सासूबाईंना काही हवं असलं तर डाव्या हातानं त्या खाटेच्या लोखंडी कडेवर अंगठी वाजवायच्या आणि मी चिमीला कडेवर घेऊन धावायची.

उपाय सासूबाईंनीच सांगितला. नणंद अजून इथंच होती. सुट्टीच्या दुपारी आम्ही सगळे खोलीत होतो, तेव्हा त्या म्हणाल्या, "खाट फिरवा." एकेक शब्द जोर लावून, पण स्पष्ट. डोकं इकडे आणि पाय तिकडे केले, की भिंत डावीकडे येणार. बटणं खाटेच्या मध्यावरच होती, म्हणजे डावा हातही नेमका तिथंच पडणार. इतकं सोपं होतं.

नणंद एकदम म्हणाली, "पाय दक्षिणेले? आई, जित्या माणसाचे पाय दक्षिणेले करते काय कोणी?"

मेलेल्या माणसाला आमच्याकडे तसं ठेवतात. दिशा पाहून दार बसवा म्हणून सांगायला आलेल्या एका माणसाला सासऱ्यांनी याच घरातून चहाही न देता लावून दिलं होतं. ते आता हसतील, असं मला वाटलं. पण त्यांचा चेहरा पांढरा पडला. "नाही," ते म्हणाले. "भिंत तोडू. सगळी तोडू. खाट नाही फिरवायची."

सासूबाई त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, "मी अर्धी... तिकडे जाऊन आली. मले... कायची दिशा?"

आणि हसल्या. झटक्यानंतर त्यांचं हसू एकाच बाजूनं यायचं.

यजमानांनी आणि मी खाट फिरवली. सासरे त्या वेळी खिडकीबाहेर पाहत होते. सासूबाईंनी डावा हात सैल सोडला. दिवा लागला. मालवला. पुन्हा लागला. पंखा लागला. मग घंटी वाजली. चिमीला आपल्या खेळात कुणीतरी भागीदार आल्याचं पाहून इतका आनंद झाला, की ती खाटेभोवती धावत सुटली.

संध्याकाळी सासऱ्यांनी आपली घडीची खाट वरून खाली आणवली आणि सासूबाईंच्या खाटेशेजारी, मोकळ्या बाजूला टाकली. उशी उत्तरेला ठेवली. नणंद म्हणाली, "बाबा, तुम्ही काहून? तुम्हाले कोणतं बटण दाबायचं आहे?"

"तिचं डोकं तिकडे आन् माहं इकडे असलं, तर बोलू कसं?" ते म्हणाले. "पायासंग बोलू काय?"

ते दोघं खरंच बोलायचे. सासूबाई अर्धा शब्द म्हणायच्या, ते तो पुरा करायचे, बहुतेकदा चुकीचा. त्या चिडून डाव्या हातानं भिंतीला चापट मारायच्या. ते दुसरा शब्द सुचवायचे. एका भाजीचं नाव निघायला कधीकधी अर्धी दुपार जायची. मी शाळेचं काम घेऊन दाराशी बसायची आणि ऐकत राहायची. घरात धूळ कमी झाली होती. रंग मात्र द्यायचा राहिला तो राहिलाच. कुणाच्या अंगात तेवढी ताकद नव्हती.

पुढच्या वर्षी पोळा होऊन गेला आणि ते गेले. झोपेत. सकाळी सासूबाई "अवो, अवो" म्हणत होत्या. मी गेले तेव्हा त्यांचा डावा हात सासऱ्यांच्या खाटेपर्यंत पोचवायचा प्रयत्न चालला होता, आणि या वेळी मधे खुर्चीची जागा होती.

शेजारपाजारची माणसं जमली. एक जाणत्या काकू म्हणाल्या, "पाय दक्षिणेले करून ठेवा त्याइले." यजमान पुढे झाले, मी पुढे झाले, आणि आम्ही दोघं थांबलो. ते तसेच होते. त्यांना फिरवावं लागलं नाही. सासूबाई म्हणाल्या, "हलवू नका," आणि बराच वेळ कुणी हलवलंही नाही.

आता जो येतो तो सांगतो, म्हातारीची खाट तेवढी फिरवून घ्या. बोर्ड मी दुसरीकडे बसवून देतो, असंही वायरमन सांगून गेला. सासूबाई मान हलवतात. नाही.

सकाळी शेजारच्या काकू दोघींजवळ बसतात. दुपारी मी शाळेतून येते तेव्हा चिमी आजीजवळ झोपलेली असते. आता ती साडेतीन वर्षांची होत आली आहे, लांब झाली आहे, पाय आजीच्या गुडघ्यापर्यंत जातात. डोकं उत्तरेला, पाय दक्षिणेला. माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही. वर्गात मुलांना मी तसं सांगतेही. पण दप्तर खाली ठेवायच्या आधी मी जाते, झोपलेलं जड लेकरू उचलते, आणि उलटं करून ठेवते. सासूबाई जाग्या असतात. त्या पाहतात. मग मी हातपाय धुते, चहा टाकते, खिडकीतून आत बघते. चिमी झोपेतच फिरत फिरत पुन्हा आजीच्या कुशीत डोकं घालून पडलेली असते. मी चहाचा कप हातात घेऊन थोडा वेळ उभी राहते. दुसऱ्यांदा उचलायला जात नाही.